‘खरकटं’ काढणाऱ्या दगूबाई

दगूबाईंच्या हातचं पाणी मी पहिले आठ दिवस प्यायले नाही. कारण त्यांची बोटं. उजव्या हाताची तीन बोटं आणि तळव्याची कड गडद जांभळी होती, नखांच्या मुळाशी तर काळपट. मी नाशिकहून शाळेत शिकवायला नुकतीच आलेली, बावीस वर्षांची, पहिल्यांदाच घर सोडून राहणारी. मला वाटलं, यांना काहीतरी रक्ताचा रोग असावा, आणि शाळेच्या मोठ्या बाईंनी मला नेमकं यांच्याच खोलीवर राहायला पाठवलंय. मी माझा तांब्या वेगळा ठेवला. त्यांनी तो पाहिला.

नवव्या दिवशी पोस्टमन एक जाड लिफाफा देऊन गेला. दगूबाईंनी तो फोडलाही नाही. चुलीवर पातेलं चढवलं, पाण्यात सुताराकडचा सरस टाकला आणि मला म्हणाल्या, "नाक धर. आते वास येई."

वास असा आला की मी पदर तोंडाला लावून अंगणात पळाले. समोरच्या ओसरीवर आमच्या घरमालकीण, हिरामाय, शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "आज पन परत उनं वाटस."

दगूबाई कथा लिहीत, ती पुण्या-मुंबईच्या मासिकांना पाठवत, आणि ती परत येई. आली की त्या सरस शिजवत. सरसात साखर आणि कंपाउंडरकडून आणलेलं ग्लिसरीन घालून, घासलेटच्या डब्याचा पत्रा ठोकून केलेल्या उथळ तबकात ते ओतत. थंड झालं की त्याची जेली होई. मग गुळगुळीत कागदावर जहाल जांभळ्या शाईनं लिहायचं, तो कागद जेलीवर पालथा दाबायचा, शाई जेलीत उतरायची, आणि तिच्यावर कोरे कागद दाबून एकेक प्रत उचलायची. तीस-पस्तीस प्रती निघत. पहिल्या दहा ठसठशीत, शेवटच्या पाच-सात इतक्या फिक्या की उन्हात तिरप्या धरून वाचाव्या लागत. ही विद्या त्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या एका कारकुनाकडून शिकल्या होत्या. तो तिकडे नोटिसा अशाच काढत असे.

त्या चार पानांच्या अंकाला त्यांनी नाव दिलं होतं ‘खरकटं’. मी म्हटलं, "असलं कसलं नाव?" तर म्हणाल्या, "पंगत उठनी का जे ऱ्हास ते. आपुलं तेच शे."

गाव शहाद्याच्या पुढे, तापीच्या काठाला. नाव सांगत नाही, कारण पुढे ज्या घराबद्दल सांगायचंय त्या घरातली नातवंडं अजून तिथे नांदतात. तेव्हा त्या मुलखाला पश्चिम खान्देश म्हणत. दोंडाईच्याला आगगाडीतून उतरायचं, पुढे मोटार, शेवटचा टप्पा बैलगाडीचा. काळी जमीन, कापूस, नदीच्या बाजूनं केळी. उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. मुलींच्या शाळेत आम्ही मोठ्या बाई धरून पाच शिक्षिका होतो. दगूबाई माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या असतील. उंच, हाडकुळ्या, चालताना पुढे झुकलेल्या, जणू काही समोरून कायम वारा येतो आहे. खडूचा तुकडा कानावर ठेवायची त्यांना सवय होती आणि बाजारातही तो तसाच असे. जेवायला त्या कधी नीट मांडी घालून बसल्याचं मला आठवत नाही. चुलीजवळ उभ्यानं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि चटणी खाऊन मोकळ्या.

नावाचा खुलासा त्यांनीच एकदा केला. आधीची तीन मुलं गेली, म्हणून आईनं हिचं नाव दगू ठेवलं. दगड. मरणाची नजर दगडावर कशाला जाईल. "तवयपासून कोनी नजर टाकीच नही मन्हावर," त्या म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत. नवरा होता, शिंदखेड्याकडे. त्याच्याविषयी मी त्यांच्या तोंडून एवढंच ऐकलं. "तो वाईट नव्हता. पन तठे मी नव्हतू."

वर्गात त्या फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारत. डावीकडे लिहीत ‘शे’, उजवीकडे ‘आहे’. डावीकडे ‘मन्ही माय’, उजवीकडे ‘माझी आई’. मुलींना सांगत, हे घरचं, हे सरकारचं, दोन्ही यायला पाहिजे. शाळेत अहिराणी बोललं की छडी, असा तेव्हाचा शिरस्ता होता. दगूबाईंच्या वर्गात छडी नव्हती. चुकलेल्या मुलीला त्या म्हणत, "चुकी गयं? मंग पुढे चाल." तपासणीला साहेब आले की फळ्याची डावी बाजू पुसलेली असे. एवढा व्यवहार त्यांना कळत होता. पुढे जे झालं ते व्यवहार कळत नव्हता म्हणून झालं, असं मला म्हणायचं नाही.

आता त्यांच्या त्या कथेविषयी. मी आले त्या वर्षी त्यांनी आपल्या आईवर एक कथा लिहिली होती. आई रोज पहाटे जातं ओढताना मेलेल्या तीन मुलांशी बोलायची, त्यांना सांगायची की आज दगूनं काय केलं, काय सांडलं. कथा सगळी अहिराणीत. त्या लिफाफ्यात ती परत आली होती, सोबत छापील चिठ्ठी आणि खाली शाईनं एक ओळ: ‘भाषा ग्राम्य व दुर्बोध. शुद्ध मराठीत लिहिल्यास विचार करता येईल.’

मीच हट्ट धरला. म्हटलं, एवढंच ना, आपण दोघी मिळून शुद्ध करू. दोन रविवार आम्ही बसलो. त्या वाचत, मी लिहून काढत होते. मला स्वतःला मराठी चांगली येते याचा तेव्हा फार अभिमान होता. जिथे त्यांची आई ‘उठ ना व माय’ म्हणे, तिथे मी ‘ऊठ ना गं बाळे’ केलं. शेवटी सगळं स्वच्छ अक्षरात उतरवून त्यांना वाचून दाखवलं. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्या हातातले कागद घेऊन नीट जुळवले. मग म्हणाल्या, "चांगलं शे."

"मग पाठवू या?"

"सुमन, हाई बाई मन्ही माय नही. हाई तुन्ही माय शे."

मला राग आला. माझे दोन रविवार गेले होते. मी म्हटलं, "मग छापून येणार कसं? त्यांना नको तेच तुम्ही पाठवत राहणार आणि ते परत करत राहणार."

"ते परत करानं काम करतस. आपुन आपुलं करानं."

त्यांनी ती चिठ्ठी, ग्राम्य आणि दुर्बोध लिहिलेली, शब्दन् शब्द जांभळ्या शाईत उतरवून घेतली आणि अंकाच्या पहिल्या पानावर सगळ्यात वर छापली. खाली आईची कथा, जशीच्या तशी. जेली नीट जमली नव्हती, अक्षरं पसरली होती, एका कोपऱ्यात मुंगी चिकटून छापली गेली होती. मी म्हटलं, किती वाईट दिसतंय. त्यांनी प्रत उजेडात धरली. "वाईट शे. पन शे."

मला वाटतं त्यांचं सगळं बळ या वाक्यात होतं. चांगलं होईपर्यंत थांबायचं, कुणी बोलावेपर्यंत थांबायचं, हे त्यांना येतच नव्हतं. नकार आला की दुःख करायलाही त्या बसत नसत, कारण दुःखाच्या वेळात सरस शिजत असे. पण दुःख होत नव्हतं असं कुणी समजू नये. परतीचा लिफाफा त्या न फोडता ठेवत, तो संध्याकाळी, अंक काढून झाल्यावर फोडत. फोडताना त्या भिंतीकडे तोंड करून बसत. मी ते पाहिलंय आणि न पाहिल्यासारखं केलंय.

बाजाराच्या दिवशी त्या भाजीवाल्या बायकांच्या रांगेत जागा धरून बसत आणि अंक मोठ्यानं वाचत. वाचता येणाऱ्या बायका गावात होत्याच किती. पहिल्यांदा मी लांबूनच बघत होते, कारण शाळेतली बाई अशी बाजारात फतकल मारून बसते याची मला शरम वाटत होती. बायका आधी टोपल्या आवरत ऐकत होत्या. मग एक वांगी विकणारी म्हातारी जवळ सरकली. आईनं मेलेल्या मुलांना दगूच्या खोड्या सांगितल्या ती जागा आली, तशी म्हातारी म्हणाली, "मी बी करस असं. मन्हा दोन गयात." एवढंच म्हणून ती परत आपल्या वांग्यांकडे गेली. दगूबाई थांबल्या. त्यांनी कानावरचा खडू काढला आणि शेजारच्या फरशीवर म्हातारीचं वाक्य लिहून घेतलं, विसरू नये म्हणून. पुढच्या अंकात ते होतं.

असं दीड-दोन वर्षं चाललं. गावानं ते वेड म्हणून सोडून दिलं होतं. मोठ्या बाई काणाडोळा करत. मग विहिरीचं प्रकरण झालं.

वरच्या आळीत एक मोठं घर होतं. शेती, गाडी-बैल, चार माणसांत शब्दाला मान. शाळेच्या कमिटीवरही त्या घरचे कर्ते होते. त्यांची धाकटी सून श्रावणात विहिरीत गेली. वय असेल अठरा, सातवा महिना होता. गावानं सांगितलं, पाणी शेंदताना पाय घसरला. पंचनाम्यातही तेच. तेराव्याला गाव जेवलं.

दगूबाई त्यानंतर पंधरा दिवस रोज त्या विहिरीवर पाण्याला जाऊ लागल्या, आमच्या दारात हातपंप असताना. कुणाला काही विचारत नव्हत्या. घागर भरायला वेळ लावत, बायका बोलत ते ऐकत, घरी येऊन लिहीत. त्या लिखाणाला त्यांनी नाव दिलं ‘पाय घसरना’. त्यात कुणाचं नाव नव्हतं, आरोप नव्हता. विहिरीवरची एकेक बाई एकेक गोष्ट सांगते आणि प्रत्येकीचा शेवट तोच. मला त्यातल्या दोन अजून पाठ आहेत. एक बाई सुनेच्या हातातल्या चांदीच्या कड्यांबद्दल म्हणते, "हातमाना गोट काढीसन काठवर ठेयेल व्हतात. पाय घसरना." दुसरी म्हणते, "आदला दिन तिनी माले इचारं, तुन्ही माय कितली दूर ऱ्हास. पाय घसरना."

लिहून झालं त्याच दिवशी सरस ओतताना पातेलं कलंडलं आणि त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत पोळला. हिरामायनं लोणी लावलं, कंपाउंडरनं पट्टी बांधली. लेखणी धरता येईना. मी म्हटलं, बरं वाटल्यावर काढा अंक. त्या म्हणाल्या, "तवलगून त्या बायका इसरी जातीन का त्यासनी काय पाहं."

शेवटी मी लिहिलं. त्या डावा हात डोक्याखाली घेऊन पडल्या पडल्या सांगत होत्या आणि मी जांभळ्या शाईत उतरवत होते. या खेपेला एकही शब्द शुद्ध केला नाही. लिहिताना माझ्या अंगावर काटा आला होता हेही सांगते. आपण काहीतरी मोठं करतोय असं मला वाटत होतं, आणि ते वाटणं मला आवडत होतं.

बाजारात तो अंक वाचताना कुणी मध्ये बोललं नाही. ऐकून बायका टोपल्या उचलून निघाल्या. चौथ्या दिवशी शाळेत तक्रार आली, त्या पाठोपाठ वरून चौकशीला साहेब. मोठ्या बाईंच्या खोलीत टेबलावर अंकाची प्रत ठेवली होती, पाणी पडून जांभळी झालेली. आम्हा चौघींना एकेक करून आत बोलावणार असं ठरलं होतं, पण साहेबांना संध्याकाळची मोटार गाठायची होती, म्हणून सगळ्यांना एकदमच उभं केलं.

साहेबांनी प्रत उचलली. "सरकारी नोकरीत असताना विनापरवाना पत्रक काढलं, प्रतिष्ठित माणसांची बदनामी केली. हे कुणी काढलं?"

"मी," दगूबाई म्हणाल्या. साहेबांशी त्या नेहमीच स्वच्छ मराठी बोलत.

"सगळं एकटीनं?"

"हो."

मोठ्या बाईंनी अक्षर ताडून पाहायला आमच्या वर्गांचे हजेरीपट मागवले होते. साहेबांनी ते पाहिले, प्रत पाहिली. "तुमचं अक्षर असं दिसत नाही. हे अक्षर कुणाचं?"

माझा हजेरीपट तिसरा होता, अजून उघडला नव्हता. त्यातलं ‘र’ आणि ‘ख’ मी ज्या पद्धतीनं काढते ते कुणाच्याही लक्षात आलं असतं. माझी नोकरी कायम व्हायला चार महिने राहिले होते. घरी वडील निवृत्त, पाठच्या दोन बहिणी शिकत होत्या. ही कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी डोक्यात काहीच नव्हतं, फक्त भीती.

"माझंच आहे," दगूबाई म्हणाल्या.

"मग एक ओळ लिहून दाखवा."

त्यांनी पट्टी बांधलेला हात पुढे केला, मग मागे घेतला. "जो नाकारतो त्याच्याकडे पुरावा मागतात, साहेब. मी कबूल करते आहे."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. हजेरीपट मिटले. दगूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या, पटांगणात मुली लंगडी खेळत होत्या तिकडे. मी जमिनीकडे बघत होते.

बदलीचा हुकूम पंधरा दिवसांत आला. सातपुड्यात, तोरणमाळच्या वाटेवरची एक एकशिक्षकी शाळा. बाईमाणसाला तिकडे पाठवत नसत, म्हणूनच पाठवलं होतं. त्या पंधरा दिवसांत आम्ही एकाच खोलीत राहिलो, एकाच चुलीवर भाकरी केल्या. मी रोज ठरवत होते की बोलायचं. त्यांनीच एकदा चूल फुंकताना म्हटलं, "तुन्हा इचार करू नको. दोन जनी बुडानं कारन नव्हतं." मी परातीतलं पीठ मळत राहिले. तबक कमिटीच्या माणसांनी नेऊन ठोकून सपाट केलं होतं. गाडीत बसताना त्यांच्याजवळ एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि खडूची खोकी होती. हिरामाय रडल्या. मी हात जोडले, जसे पाहुण्याला जोडतात तसे.

मी नंतर त्यांना पत्र लिहिलं नाही. सुरुवातीला लाजेनं, मग लग्न होऊन नंदुरबारला आले, मग मुलं, मग ‘आता इतक्या वर्षांनी काय लिहायचं’ म्हणून. त्यांच्याकडून मात्र वर्षाकाठी एखादं पाकीट आमच्या जुन्या शाळेच्या पत्त्यावरून फिरून येई. आत पत्र नसे. जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेला ‘खरकटं’चा अंक असे. तबक गेलं तरी अंक थांबला नव्हता. आता एकच प्रत निघायची. वर लिहिलेलं असायचं: वाचून दुसरीला द्यावा, खाली आपलं लिहावं. माझ्यापर्यंत पोचेतो कधी खाली तीन-चार निराळी अक्षरं असत, कधी नुसता अंगठा. मी वाचून ट्रंकेत ठेवत असे. पुढे कुणाला दिला नाही, खाली काही लिहिलं नाही.

सात वर्षांनी मी त्यांच्याकडे गेले. म्हसावदपर्यंत मोटारीनं, पुढे गाडीवाटेनं. गाडीवाला म्हणाला, "बहिरी बाईकडे जावानं का?" मला कळलं नाही तो कुणाविषयी बोलतोय.

शाळा म्हणजे कुडाची एक खोली, वर गवत. आतल्या भिंतींवर जमिनीपासून हात पोचेल तिथवर गेरूनं आणि कोळशानं शब्द लिहिलेले. काही मराठी, बरेच मला न कळणारे. मुलं पावरी ही तिथली आदिवासी बोली बोलणारी होती. दगूबाईंनी त्यांच्या आयांना विचारून विचारून शब्द गोळा केले होते, एका बाजूला घरचा, दुसऱ्या बाजूला सरकारचा. पावसाळ्यात कूड भिजला की मातीसकट शब्द गळून पडायचे, दिवाळीनंतर त्या पुन्हा लिंपून पुन्हा लिहीत.

त्या स्वतः निम्म्या झाल्या होत्या. केस पांढरे, गालफडं आत. बोटं आता जांभळी नव्हती. हिवतापानं तीन वर्षं धरलं होतं. त्यावर कोयनेल खाऊन खाऊन कान गेले. आधी गुणगुण, मग एका कानाचं गेलं, मग दुसऱ्याचं. बायकांच्या बोलण्यावर जी बाई जगली तिला आता बायका बोलताना नुसती तोंडं हलताना दिसत होती.

त्यांनी मला ओळखलं, धरून खाली बसवलं, आणि फार मोठ्यानं बोलू लागल्या. आपला आवाज केवढा निघतोय हे त्यांना कळत नव्हतं. "आते नवं काही ऐकू येत नही. मंग जे ऐकेल शे ते लिखस. डोकामा भलतं भरेल शे, सुमन. सरत नही."

मी म्हटलं, मला तुम्हाला काही सांगायचंय. त्यांनी कानावर हात ठेवून मान हलवली. कोपऱ्यातली पाटी उचलून माझ्या मांडीवर ठेवली, कानावरचा खडू काढून हातात दिला. "लिख."

मी खडू धरून बसले. सात वर्षं जे मनात घोळवत होते ते वाक्य तयार होतं. त्या समोर बसून माझ्या हाताकडे बघत होत्या. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती, ती त्यांना ऐकू येत नव्हती. मी लिहिलं, ‘तब्येत कशी आहे?’

त्यांनी वाचलं. माझ्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. मग पदरानं पाटी पुसली आणि म्हणाल्या, "ते जाऊ दे. भाकर खाशी ना?"

मी एवढ्या लांबून आले म्हणून त्या जेवण करण्यात गुंतल्या. मी त्यांच्या भाकरी थापणाऱ्या हाताकडे बघत बसले. पोळल्याचा डाग मनगटावर तसाच होता, कातडी चकचकीत आणि ओढलेली. जेवताना त्यांनी चौकशा केल्या, मुलं किती, हिरामाय कशा आहेत. हिरामाय जाऊन दोन वर्षं झाली होती. मी पाटीवर ‘बऱ्या आहेत’ लिहिलं. का लिहिलं ते मला माहीत नाही. एकदा खोटं लिहिलं की दुसरं सोपं जातं.

जुनं आठवून त्या वर्षी लिहिलेली एक वही त्यांनी मला वाचायला दिली. तिच्यात मी होते. नाव नव्हतं, ‘नाशिकनी पोर’ एवढंच. तांब्या वेगळा ठेवणारी, झोपेत आईला हाक मारणारी, चहात साखर जास्त घेणारी. चौकशीचा दिवस त्यात नव्हता. मी पानं मागे-पुढे चाळली, दोनदा पाहिलं. नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. तापच. त्या भागातल्या ग्रामसेवकानं आमच्या जुन्या शाळेला कळवलं, शाळेनं मला. कुडाच्या भिंतींचं, वह्यांचं काय झालं हे विचारायला मी गेले नाही. कुणीतरी सांगितलं की पेटी नदी-नाले भरलेले असताना खाली आणणं झालं नाही. ट्रंकेतले पाच अंक तेवढे आहेत, आता त्यांच्या घड्या तुटल्या आहेत.

पण मला आठवतं ते त्या दिवशी परत निघतानाचं. त्या मला वाटेच्या वळणापर्यंत पोचवायला आल्या होत्या. गाडी जुंपलेली होती. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, "ये व माय," म्हणाल्या आणि लगेच वळल्या. निरोपाला जास्त वेळ लावायची त्यांना कधीच सवय नव्हती. वाट उतरून ओढ्यात जात होती. ओढ्यात थोडं पाणी होतं, पलीकडे खाखऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, झाडांमागे शाळेचं गवत दिसत होतं.

मी गाडीतून उतरले. हाक मारली. त्या चालत राहिल्या. मी पुन्हा मारली, माझ्या आयुष्यात मी एवढ्या मोठ्यानं कधी ओरडले नसेन. मोळी घेऊन चाललेली एक बाई थांबून माझ्याकडे पाहू लागली. गाडीवाला म्हणाला, "बाई, तिले ऐकू येत नही."

दगूबाईंनी ओढ्याशी लुगडं जरा वर खोचलं. पहिल्या दगडावर पाय ठेवला, तो डळमळला, म्हणून मागे घेतला. मग दुसरा दगड पाहिला, त्यावरून पलीकडे गेल्या, आणि तशाच पुढे झुकून चढ चढू लागल्या.